मोकळ्या वेळेत हातांना काम देणारे छंद : सांगली-सातारकरांनी आपापले अनुभव लिहावेत

गोधडीवाली (सांगली), ३ जून

नमस्कार मंडळी. मी सांगलीला विश्रामबागेत राहते. ३१ वर्षे प्राथमिक शाळेत शिकवून गेल्या वर्षी मे महिन्यात सेवानिवृत्त झाले. निवृत्तीनंतरचे पहिले तीन महिने फार वाईट गेले. सकाळची कामे आटोपली की हातात मोबाईल येई, तो जेवणाच्या वेळीच खाली ठेवला जाई. दुपारी मालिका आणि संध्याकाळी पुन्हा मोबाईल. दिवसभर बसूनच असायचे, तरीही रात्री डोके जड होई आणि आज आपण काय केले, या प्रश्नाला स्वतःला देण्याजोगे उत्तर सापडत नसे. शाळेत असताना मोकळा वेळ मिळत नाही म्हणून मीच तक्रार करीत होते, त्यामुळे हे कोणाला सांगायचीही चोरी.

माझे माहेर गावभागात, कृष्णेपासून हाकेच्या अंतरावर. ऑगस्ट २०१९च्या महापुरात आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी ५७ फुटांच्या वर गेली होती, आणि तळमजल्यावरची आईची लोखंडी ट्रंक पाच दिवस पाण्याखाली राहिली. त्यात तिची इरकली लुगडी आणि सुती नऊवारी होती. पाणी ओसरल्यावर आम्ही बहिणींनी ती आठ-दहा वेळा धुतली, उन्हात वाळवली, पण गाळाचे डाग काही निघाले नाहीत. नेसता येईनात आणि टाकवत नव्हती, म्हणून गाठोडे बांधून माळ्यावर ठेवून दिले. मागच्या भाद्रपदात गौरीच्या आवराआवरीत ते गाठोडे खाली आले आणि यांची वाकळ, म्हणजे गोधडी, शिवावी असे मनात आले. आजीला शिवताना पाहिले होते एवढेच. मी स्वतः जन्मात कधी एक उशीचा अभ्रासुद्धा शिवला नव्हता.

सविस्तर लिहिते, कारण कोणाला सुरुवात करायची असेल तर उपयोग होईल. खाली वडिलांचे जुने धोतर अंथरले, त्यावर विरलेल्या लुगड्यांचे चार थर घातले आणि सर्वांत वर, जी दिसायला चांगली होती त्यांचे तुकडे जोडून केलेला थर ठेवला. चारी कोपऱ्यांवर वरवंटा, पाटा आणि दोन पितळी डबे ठेवून सगळे ताणून घेतले, वीत-वीत अंतरावर लांब कच्चे टाके घातले आणि मग कडेपासून आत, चौकोनाच्या आत चौकोन असा धावदोरा सुरू केला. लुगड्याचे काठ फार टणक असतात. तिथे सुई अडते, अंगुस्तान नसेल तर बोटाचे टोक चाळणीसारखे होते. पहिल्या आठवड्यात मला वाटत होते की काम छान चालले आहे. मग वाकळ उलटी करून पाहिली, तर खालच्या धोतराला एवढा मोठा घोळ पडलेला होता की आठ दिवसांचे टाके उसवावे लागले. त्या दिवशी रडू आले, हे खरे. दुसऱ्या दिवशी मात्र जेवण झाल्याबरोबर हात आपोआप सुईकडे गेला.

रोज दुपारी दोन ते तीन, एवढाच वेळ मी दिला. एका तासात साधारण दोन हात लांबीच्या तीन ओळी होत. सप्टेंबरात धरलेली वाकळ मार्चमध्ये, होळीच्या आधी पूर्ण झाली. मधोमध आईच्या हिरव्या लुगड्याचा पदर आहे आणि त्यावर पुराच्या पाण्याची तपकिरी रेघ जशीच्या तशी आहे. ती रेघ झाकून वर दुसरे ठिगळ लावावे, असे बहिणीने सुचवले होते, मी ठेवली.

या सहा महिन्यांत माझे मत असे झाले आहे की, मोकळ्या वेळात मन रमण्यासाठी हाताला काम आणि तासाभराच्या शेवटी डोळ्यांना दिसेल असे काहीतरी लागते. नुसते पाहण्याने आणि ऐकण्याने वेळ जातो, पण थकवा जात नाही. हे माझ्यापुरते खरे आहे की इतरांचाही असाच अनुभव आहे, हे जाणून घ्यावे म्हणून हा धागा काढला आहे. आपण काय करता, कसे सुरू केले, आणि मुख्य म्हणजे टिकवले कसे, ते सविस्तर लिहावे.


मेणवलीघाट (वाई), ३ जून

ताई, पुराची रेघ ठेवलीत हे फार चांगले केले.

माझा छंद जलरंगांचा. व्यवसायाने मी हिशेबनीस आहे. आठवड्याचे सहा दिवस आकड्यांत जातात आणि रविवारी सकाळी सहा ते नऊ मी मेणवलीच्या घाटावर असतो. अर्धचंद्राकार पायऱ्या, नाना फडणवीसांचा वाडा, आणि वसईच्या मोहिमेनंतर इकडे आलेली ती मोठी घंटा, हे सगळे मी गेल्या नऊ वर्षांत किती वेळा काढले असेल याची मोजदाद नाही. लोक विचारतात की तेच तेच काढून कंटाळा येत नाही का. घाट तोच असला तरी जानेवारीतल्या सकाळी नदीवर धुके असते तेव्हा पायऱ्यांच्या खालच्या कडा दिसतच नाहीत, आणि एप्रिलमध्ये त्याच पायऱ्यांच्या सावल्या सुरीने कापल्यासारख्या पडतात. चित्र काढायला बसल्याशिवाय मला हा फरक कधीच कळला नव्हता, आणि मी जन्मापासून वाईत आहे.

एक गोष्ट शिकायला मला दोन वर्षे लागली, ती नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी सांगतो. आपल्याकडचा दगड काळा, म्हणून मी सावलीसाठी काळा रंग वापरत असे आणि चित्र मेल्यासारखे दिसे. एका जाणत्या चित्रकाराने माझ्या पेटीतली काळ्या रंगाची नळीच काढून घेतली आणि निळा व तपकिरी मिसळून सावली करायला लावली. निळा जास्त पडला की सकाळ होते, तपकिरी जास्त पडला की संध्याकाळ. कागद मात्र जाड, ३०० जीएसएमचा घ्यावा; पातळ कागदाला पाणी लागले की त्याच्या लाटा होतात आणि मग दोष आपल्या हाताचा की कागदाचा, हेच नवशिक्याला समजत नाही. रंग स्वस्तातले चालतात, कागदात काटकसर करू नये.

सातारा जिल्ह्यातल्या ज्यांनी औंधचे वस्तुसंग्रहालय पाहिलेले नाही, त्यांनी ते अवश्य पाहावे. ते उभारणारे भवानराव पंतप्रतिनिधी संस्थानिक होते, राज्यकारभार होता, सूर्यनमस्कारांच्या प्रसाराचा ध्यास होता, कीर्तनेही करीत, आणि एवढे सांभाळून ते स्वतः चित्रे काढत. वेळ नाही असे म्हणण्याची मला तिथून आल्यावर लाज वाटू लागली.


रोखपाल (तासगाव), ४ जून

दोन्ही लेखन आवडले, तरीही मनातले स्पष्ट लिहितो. कोणी गैरसमज करून घेऊ नये. निवृत्तीनंतर किंवा रविवार मोकळा असणाऱ्यांना हे जमते. माझे वय ४२ आहे. सकाळी साडेआठला घर सोडतो, रात्री आठला परततो, मुलांचा अभ्यास आणि आईची औषधे पाहून झाली की साडेनऊ होतात. त्या वेळी डोक्यात काहीही शिल्लक नसते, आणि मोबाईल पाहणे हे एकच काम असे आहे की ज्याला डोके लागत नाही. पत्नीची अवस्था माझ्याहून बिकट आहे. तिला मोकळा वेळ हा प्रकारच नाही.

मी प्रयत्न केला नाही असेही नाही. बासरी आणली, ती महिनाभर वाजवली. कॅमेरा घेतला, त्याचे हप्ते दीड वर्ष फेडले आणि तो आता कपाटात आहे. गच्चीवर कुंड्या लावल्या, त्या उन्हाळ्यात वाळल्या. प्रत्येक वेळी सुरुवात जोरात होते आणि मग ती वस्तू घरात दिसली तरी अपराधी वाटते. ज्यांचे टिकले त्यांच्यात आणि माझ्यात फरक कोणता, हे मला खरोखर समजून घ्यायचे आहे.


गोधडीवाली (सांगली), ४ जून

रोखपाल दादा, गैरसमज मुळीच नाही. उलट आपला प्रश्नच या धाग्याचा खरा प्रश्न आहे. माझ्याकडे वेळ होता आणि तरी तीन महिने मी काहीही केले नाही, हे लक्षात घ्या. त्यामुळे वेळ हे एकच कारण नसावे असे मला वाटते.

आपण बासरी कुठे ठेवत होतात? विचारण्याचे कारण असे की, मी वाकळ कधीही घडी करून कपाटात ठेवली नाही. सहा महिने ती मधल्या खोलीत अंथरलेली होती, सुई त्याच टाक्यात अडकवलेली असे, आणि घरच्यांना वळसा घालून जावे लागे. यजमान सुरुवातीला कुरकुरले, नंतर तेच येणाऱ्या-जाणाऱ्यांना दाखवू लागले. काढा, मांडा, आवरा यातच जर पंधरा मिनिटे गेली तर दमलेला माणूस तिकडे वळत नाही. पत्नीविषयी आपण लिहिलेत ते वाचून मला माझी तरुणपणाची वर्षे आठवली. तिला एक तास मिळावा यासाठी घरातल्या कोणीतरी तो तास उचलावा लागेल; तो आपोआप निघणार नाही.


हळीव (सातारा), ५ जून

रोखपाल साहेबांसारखीच माझीही परिस्थिती आहे. औद्योगिक वसाहतीत पाळीची नोकरी, दोन मुले, भाड्याचे घर. म्हणून मी वर्षभराचा छंद धरलाच नाही. माझा छंद दसरा ते दिवाळी एवढाच, आणि तो म्हणजे किल्ला.

साताऱ्यात हे कोणाला नवीन नाही, तरी आम्ही तो कसा करतो ते लिहितो. आधी मुलांना घेऊन खरा किल्ला पाहायचा, वहीत त्याचा आराखडा काढायचा, आणि मगच माती कालवायची, असा आमचा नियम आहे. मागच्या वर्षी प्रतापगड होता. खालचा किल्ला कुठे संपतो आणि बालेकिल्ला कुठे सुरू होतो, तटबंदी डोंगराच्या धारेवरून कशी वळते, हे मुलीने चालत चालत काढून घेतले. घरी दगड आणि विटांचा सांगाडा रचून त्यावर चिखलात बुडवलेले गोणपाट टाकले, कारण नुसता चिखल वाळला की त्याला भेगा जातात. उतारावर हिरवळ हवी असेल तर हळीव रात्रभर भिजवून घ्यावेत. भिजल्यावर त्यांच्याभोवती बुळबुळीत चिकट थर येतो, त्यामुळे उभ्या चढालाही ते चिकटून राहतात आणि तीन-चार दिवसांत कोंब दिसतात. मोहरी टाकली तर ती घरंगळून खंदकात जमा होते, हे आम्ही एकदा अनुभवले आहे.

वसुबारसेच्या आदल्या रात्री परतीचा पाऊस आला आणि प्रतापगडाची एक बाजू बुरुजासकट खाली आली. मी दुसऱ्या पाळीला होतो, घरी यायला रात्रीचे बारा वाजले. येऊन पाहतो तर दोन्ही मुले जागी, बॅटरीच्या उजेडात ताडपत्री धरून बसलेली. आम्ही तिघांनी दीड वाजेपर्यंत तट पुन्हा बांधला. मुलगा ११ वर्षांचा आहे, त्याने त्या रात्री मला सांगितले की बाबा, खालचा दगड आपण बाहेरच्या बाजूला कललेला बसवला होता म्हणून ढासळले, तो आतल्या बाजूला कलता हवा. हे त्याला कोणी शिकवलेले नव्हते.

खर्च म्हणाल तर मावळे दरवर्षीचे जपून ठेवलेले आहेत, माती ओढ्याकाठची, गोणपाट दुकानदाराकडून फुकट. रोखपाल साहेब, वर्षातले तीन आठवडे का होईना, पूर्ण जीव ओतून केलेले चालते. रोज झालेच पाहिजे असा हट्ट धरल्यामुळेच बहुतेक जण सोडून देतात, असे माझे मत आहे.


जवारी (मिरज), ७ जून

माझा छंद थोडा वेगळा आहे, आणि त्याला छंद म्हणावे की नाही असा प्रश्न काही जणांना पडेल, कारण मला गाता येत नाही. मी रोज रात्री जेवणानंतर चाळीस मिनिटे तंबोरा जुळवतो आणि ऐकतो.

मिरजेत तंतुवाद्ये बनवण्याची परंपरा एकोणिसाव्या शतकापासूनची आहे. शस्त्रांना धार आणि झिलई देणाऱ्या शिकलगार घराण्यांनी ही कला हाती घेतली आणि पिढ्यानपिढ्या जपली. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ इथेच राहत, १९३७ साली त्यांचे निधन झाले आणि मीरासाहेब दर्ग्यात त्यांना दफन करण्यात आले. अशा गावात जन्मूनही वयाच्या पन्नाशीपर्यंत मी तंबोऱ्याला हात लावला नव्हता. मी एका रुग्णालयात प्रयोगशाळेत काम करतो. आत्याच्या घरचे सामान हलवताना गवसणीतला एक जुना तंबोरा निघाला, त्याच्या दोन तारा तुटलेल्या आणि एक खुंटी ढिली. दुरुस्तीसाठी कारागिरांकडे नेला, आणि त्यांनी तो दुरुस्त करताना मला समोर बसवून जे दाखवले, त्यात मी अडकलो तो अडकलोच.

तंबोऱ्याच्या घोडीचा, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीचा, वरचा भाग सपाट दिसतो, पण त्याला अगदी हलका उतार दिलेला असतो. तार थरथरते तेव्हा ती त्या उतारावर टेकत आणि सुटत राहते, आणि त्यामुळे मूळ सुराबरोबर वरचे अनेक स्वर बाहेर पडतात. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक बारीक धागा असतो. तो नखाने केसभर पुढे-मागे सरकवला की एका जागी आवाज अचानक उघडतो, म्हणजे बंद खोलीची खिडकी उघडावी तसा. त्यालाच जवारी लागली असे म्हणतात. ती जागा डोळ्यांना दिसत नाही आणि मोजता येत नाही, ती कानांनीच सापडते. पहिल्या महिन्यात मला एक जागा सापडायला अर्धा तास लागे आणि ती बरोबर आहे की नाही याची खात्री नसे. आता चारही तारा पंधरा मिनिटांत जुळतात, आणि पंचम हलला की शेजारच्या खोलीत असलो तरी समजते.

पावसाळ्यात हवा दमट झाली की लाकूड फुगते, खुंट्या कधी घट्ट होतात तर कधी सरकतात. सरकणाऱ्या खुंटीला थोडा खडू चोळावा, हा कारागिरांनी दिलेला सल्ला दरवर्षी उपयोगी पडतो. तंबोऱ्याचा खालचा भोपळा नाजूक असतो, त्यामुळे लहान मुले असलेल्या घरात वाद्य उभे टेकवून ठेवू नये. माझ्या हातून एकदा ती चूक झाली आणि भोपळ्याला चीर गेली.

गोधडीवाली ताईंनी म्हटले आहे की तासाच्या शेवटी डोळ्यांना दिसेल असे काही हवे. याबाबतीत माझा अनुभव निराळा आहे. माझ्याकडे तासाच्या शेवटी काहीच उरत नाही. तारा सकाळपर्यंत पुन्हा उतरलेल्या असतात आणि रात्री सगळे पहिल्यापासून करायचे असते. दिवसभर रुग्णालयात काचपट्ट्या पाहिल्यावर, जिथे चूक होऊन चालत नाही, तिथून येऊन एका तारेत चुका करत बसण्याची मोकळीक मला मिळते, आणि तीच मला हवी असते.


गोधडीवाली (सांगली), ७ जून

जवारी दादा, आपला मुद्दा मान्य. मी दिसण्यावर नको तेवढा भर दिला. हाताला काम हवे, हे मात्र आपल्या उदाहरणातही आहेच. नखाने धागा सरकवणे आणि सुईने टाका घालणे यांत मला तरी फार अंतर वाटत नाही.


सोनकी (सातारा), ९ जून

मी औषधांच्या दुकानात काम करते आणि रानफुलांची चित्रे वहीत काढते. सुरुवात कासच्या पठारामुळे झाली. आमच्या घरापासून पठार सुमारे २५ किलोमीटर. २०१२ साली पश्चिम घाटातील इतर स्थळांबरोबर त्याचा जागतिक वारशात समावेश झाल्यापासून गर्दी खूप वाढली. मीही त्या गर्दीत जाऊन दरवर्षी शेकडो छायाचित्रे काढत असे. एकदा दुकानात एका काकांनी विचारले की गेंद या पठारावरच्या रानफुलाच्या देठाला पाने असतात का. माझ्याकडे गेंदाची कमीत कमी चाळीस छायाचित्रे होती आणि मला उत्तर देता आले नाही. त्याची पाने तळाशी जमिनीलगत असतात आणि देठ उघडा असतो, हे मला पुढच्या वर्षी पेन्सिलने काढताना कळले, आणि मग कधी विसरले नाही.

आता मी कॅमेरा नेत नाही. ठरलेल्या वाटेवरूनच, कुंपण न ओलांडता, उभ्याने पेन्सिलचे कच्चे रेखाटन करते, बाजूला रंगांची नावे लिहिते आणि घरी येऊन रंग भरते. सीतेची आसवे हे फूल नखाएवढे असते. त्याच्या जांभळ्या-निळ्या पाकळीवरचे दोन पांढरे ठिपके जिथल्या तिथे आले नाहीत तर ते दुसरेच फूल वाटते. एवढे नाजूक दिसणारे हे झाड कीटकभक्षी आहे आणि त्याचे सापळे मातीत, डोळ्यांना सहज न दिसणाऱ्या फुग्यांच्या रूपात असतात, हे समजल्यावर मी ते रेखाटन तीन वेळा काढले. वायतुऱ्याचे चित्र अजून मनासारखे जमलेले नाही. त्याच्या शास्त्रीय नावात सातारा आहे, त्यामुळे ते जमेपर्यंत सोडणार नाही.

ज्यांना पठारावर जाणे शक्य नाही त्यांनी दारातल्या दगडीपाल्यापासून सुरुवात करावी. रस्त्याच्या कडेला, गटाराच्या भिंतीवर, कुठेही उगवतो. मधला भाग पिवळा, भोवती पाच पांढरट पाकळ्या, आणि प्रत्येक पाकळीच्या टोकाला तीन दाते. आपण हे फूल जन्मभर पाहिलेले असते. ते दाते किती जणांना आठवतात, हे घरात विचारून पाहा. एका फुलाला वीस मिनिटे लागतात आणि एक पेन्सिल पुरते.


नेपथ्य (सांगली), १० जून

सर्वांचे छंद एकट्याने करायचे दिसतात, म्हणून दुसरी बाजू मांडतो. मला एकट्याने काहीच जमत नाही. मी २२ वर्षे हौशी नाटकांचे नेपथ्य करतो आहे. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत मराठी नाटकाचा पहिला प्रयोग केला, हे आपण सगळेच अभिमानाने सांगतो. पण त्यांनी स्वतःच्या हातांनी लाकडी बाहुल्याही घडवल्या होत्या, ही गोष्ट मला अधिक जवळची वाटते. दिवसभर नोकरी करून रात्री नऊ वाजता तालमीच्या जागी पोहोचलो, समोर प्लायवूडचा तुकडा आणि करवत असली, आणि बाजूला चार माणसे संवाद घोकत असली, की थकवा कुठे जातो ते कळत नाही. मी गेलो नाही तर दार उभे राहणार नाही आणि नायिकेला प्रवेश करता येणार नाही, या एका जाणिवेने मला २२ वर्षे टिकवले. रोखपाल साहेब, आपली बासरी कदाचित कोणीतरी वाट पाहणारे असते तर टिकली असती.


काठपदर (कवठेमहांकाळ), १२ जून

गोधडीवाली ताईंना विचारायचे आहे की आपण वाकळी विकता का? हल्ली शहरांत हाताने शिवलेल्या गोधडीला चांगली मागणी आहे.


गोधडीवाली (सांगली), १२ जून

एप्रिलमध्ये ओळखीतून तीन मागण्या घेतल्या होत्या. पहिली वाकळ देताना ग्राहकाने टाके मोजले आणि एका कोपऱ्यात ते विरळ असल्याचे दाखवले. त्यांचे चूक नव्हते, पैसे मोजणारा माणूस पाहणारच. पण त्यानंतर दुपारचे दोन वाजले की मला शाळेची घंटा झाल्यासारखे वाटू लागले, आणि हात घड्याळाकडे पाहून चालू लागला. उरलेल्या दोन पूर्ण करून दिल्या आणि पुढे घेतल्या नाहीत. माझा सल्ला असा की, मोकळ्या वेळेचा छंद विक्रीला काढू नये.


काठपदर (कवठेमहांकाळ), १३ जून

ताई, आपल्याला निवृत्तिवेतन आहे, म्हणून आपण असे म्हणू शकता, हे नम्रपणे सांगते. माझ्या वहिनी क्रोशाचे विणकाम करीत, तेव्हा घरात त्याला रिकामटेकडा उद्योग म्हणत. त्यांनी तोरणे आणि रुमाल विकायला सुरुवात केल्यावर त्याच घरात त्यांना दुपारचे दोन तास हक्काचे मिळाले, कोणी हाक मारेनासे झाले. पैसे फार मिळत नाहीत, पण त्या पैशांमुळे त्यांच्या छंदाला घरात जागा मिळाली. विकू नये असा सरसकट नियम केला तर अशा कितीतरी बायकांचे विणणेच बंद पडेल.


गोधडीवाली (सांगली), १३ जून

तुमचे म्हणणे मला पटले, आणि सरसकट लिहिले याचे वाईट वाटते. माझा सल्ला माझ्यासारख्यांपुरताच मानावा. वहिनींना माझा नमस्कार सांगा.


रोखपाल (तासगाव), १ जुलै

जवळजवळ महिन्याने लिहितो आहे. सर्वांचे प्रतिसाद पत्नीलाही वाचून दाखवले.

बासरी कपाटाच्या वरच्या खणात, खोक्यात होती, हे ताईंच्या प्रश्नानंतर पाहिले. पण मी बासरीकडे परत गेलो नाही. वडील गावच्या शाळेत होते, त्यांच्या दौतीशेजारी बोरूचे चार तुकडे इतकी वर्षे पडून होते. ते काढले, चाकूने तिरका छेद दिला, शाई घेतली आणि जेवणाच्या टेबलावरच एका कोपऱ्यात कागद ठेवला. तो तिथून हलवायचा नाही, असे घरात ठरवले आहे. रात्री मुले अभ्यासाला बसतात तेव्हा मी त्यांच्यासमोर बसून एक ओळ गिरवतो. एकच ओळ, दहा मिनिटांहून अधिक लागत नाहीत. पहिले बारा दिवस मी फक्त "अ" काढला. बोरूचा कोन थोडा बदलला तरी अक्षराची गाठ जाड होते आणि शेपूट फाटते. दिवसभर संगणकावर आकडे दाबणाऱ्या हाताला स्वतःचे वळण राहिलेले नाही, हे तेव्हा समजले. आता "क"वर आहे. धाकटी मुलगी रोज कालचा आणि आजचा कागद शेजारी ठेवून निकाल देते.

पत्नीने मंगळवार आणि शुक्रवारची संध्याकाळ मागून घेतली आहे. त्या दोन दिवशी स्वयंपाक माझ्याकडे. ती त्या वेळी काय करणार हे मी विचारले नाही. सध्या ती शेजारच्या ताईंकडे पेटी शिकायला जाते एवढे दिसते. पिठले आणि भात मला जमू लागले आहेत, भाकरी अजून नाही.

एक अडचण आहे. शाई कागदावर फुटते, अक्षराच्या कडेला केसासारखे फाटे येतात. कागद बदलावा की शाई?


मेणवलीघाट (वाई), १ जुलै

कागद बदला. आपण वापरता तो बहुधा छपाईचा साधा कागद असावा, तो शाई शोषतो. गुळगुळीत, थोडा जाड कागद घ्या. तोवर शाईत डिंकाचे पाणी दोन-तीन थेंब घालून पाहा, शाई जरा दाट होते आणि कमी पसरते. पावसाळ्याच्या दमट हवेत हा त्रास वाढतो, ऑक्टोबरनंतर आपोआप कमी होईल.


नेपथ्य (सांगली), २ जुलै

एक सूचना. या धाग्यावर सांगली, मिरज आणि तासगावची बरीच मंडळी आहेत. येत्या रविवारी सकाळी आठ वाजता सांगलीतल्या आमराई बागेत भेटू या का? प्रत्येकाने आपले साहित्य आणावे आणि दोन तास शेजारी बसून आपापले काम करावे. भाषणे आणि सत्कार नकोत.


गोधडीवाली (सांगली), २ जुलै

मी येते. दुसरी वाकळ सुरू केली आहे, ती तर उचलून आणता येणार नाही, पण वरच्या थराचे तुकडे जोडण्याचे काम पिशवीत मावते. जवारी दादा, तंबोरा उघड्यावर आणणे योग्य होणार नाही, हे समजते. आपण नुसते या. रोखपाल दादांनी मुलीला अवश्य आणावे. जमीन ओली असेल, सतरंजी प्रत्येकाने आपली आणावी. पाऊस लागला तर सगळे माझ्या घरी, मधल्या खोलीतली वाकळ तेवढी सांभाळून बसावे लागेल.